आपोरोसा हजर

दुपारची वेळ होती. बिसुनदेव डब्यातल्या रोटीचा तुकडा चटणीला लावणार, एवढ्यात समोरच्या मोठ्या स्क्रीनच्या कडेला, कामावर असलेल्या माणसांच्या रांगेत, एक नाव हिरवं झालं.

'आपोरोसा – हजर.'

बिसुनने तुकडा डब्यात परत ठेवला. पलीकडच्या टेबलावर विलिसोनीनेही मान वर केली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनीही कोपऱ्यातल्या खुर्चीकडे. खुर्चीच्या पाठीला नारळाच्या झावळीची पट्टी बांधलेली होती, आता वाळून तपकिरी झालेली. खुर्चीत कोणी नव्हतं. असणार तरी कुठून? आपोरोसाला मातीत ठेवून दोनेक महिने होत आले होते.

"मोमो आला वाटतं," विलिसोनी हळूच म्हणाला. मोमो म्हणजे मामा. आपोरोसा त्याचा सख्खा मामा.

"जेवायच्या वेळेलाच बरा उगवतो," बिसुन म्हणाला. "जिवंत होता तेव्हाही माझ्या डब्यावर डोळा. आता मेला तरी खोड जात नाही."

विलिसोनी हसला, पण हसताना त्याने खुर्चीकडे पाठ केली नाही. थोड्या वेळाने नाव आपोआप करडं झालं. बिसुनने रोटी संपवली. तिला चव कसली ती लागली नाही.

लंबासाच्या वीजघरातली ही खोली म्हणजे बेटाच्या अख्ख्या उत्तर किनाऱ्याची नाडी. डोंगरातलं पाण्यावर चालणारं केंद्र, साखर कारखान्यातलं चिपाडावर चालणारं जनित्र, गावोगावच्या लाइनी, सगळं या एका स्क्रीनवर रेघारेघांनी दिसायचं. कुठली लाइन चालू ठेवायची, कुठली बंद करायची, ते इथे बसून एका बोटाने करता यायचं. शाळेची मुलं बघायला आली की बिसुन त्यांना अंगणात नेई, मासे पकडायचं एक जुनं जाळं त्यांच्या हातात देई आणि मधोमध एक कलिंगड ठेवी.

"आता तू हात सोड," एका पोराला तो सांगायचा. "पडलं का कलिंगड? नाही पडलं. का नाही पडलं?"

"आम्ही ओढून धरलं!" बाकीची पोरं ओरडायची.

"शाब्बास. वादळात आपल्या तारांचं तेच. एकाने हात सोडला की बाकीच्यांनी भार घ्यायचा. पण एकदम सगळ्यांनी सोडला तर?"

मग सगळे एकदम हात सोडायचे, कलिंगड धपकन पडायचं, फुटायचं, आणि धडा संपून खाऊ सुरू व्हायचा. कलिंगड आणायचं काम आपोरोसाचं असायचं. तो पोरांच्या मागे उभा राहून मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "या ऊसखाऊ मास्तराचं काही ऐकू नका. त्याला कलिंगड फोडायला कारण हवं असतं." आणि बिसुन उत्तर द्यायचा, "गप रे दालोपोट्या, तुझं पोट धरायलाच निम्मं जाळं लागेल."

दोघं एकमेकांना तवाले म्हणत. मामेभाऊ-आतेभाऊ असले की त्या नात्याला तवाले म्हणतात, आणि त्या नात्यात थट्टा करायची नुसती मुभा नाही, सक्ती असते. रक्ताचं नातं यांच्यात नव्हतं. एकाचे आजोबा जहाजातून उसाच्या मळ्यावर आलेले, दुसऱ्याचे पूर्वज याच नदीकाठचे. पण तीस वर्षं एका खोलीत काढली की रक्ताला कोण विचारतो.

पावसाळी हंगामाच्या तोंडाशी, डोंगरातला एक मनोरा झुकला म्हणून आपोरोसा पाहायला निघाला आणि रस्त्यावर दरड आली. गाडी सापडली, माणूस सापडला, त्याचा लॅपटॉप मात्र चिखलातच राहिला. वादळात घरूनही लाइनी सांभाळता याव्यात म्हणून कंपनीने त्याला तो दिला होता.

मातीनंतर त्याचा थोरला भाऊ सिरेली या खोलीत आला. घराण्याचा कर्ता तोच. गावात मोठं माणूस गेलं की त्याच्या आवडीच्या जागेवर तांबू घालतात. कोळी असेल तर त्याच्या खाडीत शंभर रात्री कोणी जाळं टाकत नाही. शेतकरी असेल तर त्याच्या वाफ्यातला दालो, अळूचा कंद, कोणी उपटत नाही. सिरेलीने खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, "माझ्या भावाची खाडी हीच होती." त्याने खुर्चीला झावळी बांधली. मग स्क्रीनकडे बोट केलं. "ते त्याचं नाव आहे ना? त्यालाही कोणी हात लावायचा नाही. शंभर रात्री."

बिसुनने मान डोलावली. त्याचे डोळे भरून आले होते.

आठवड्याभराने राजधानीतून, सूवाच्या मोठ्या कचेरीतून फोन आला होता. कंप्युटर सांभाळणारी एक बाई होती. "काका, जे कर्मचारी आता नाहीत त्यांची नावं काढून टाकायची असतात. तुमच्याकडे एक आहे."

"काढतो की," बिसुन म्हणाला होता. "शंभर रात्री होऊ द्या. तांबू आहे."

मग ती बाई वेगळ्याच आवाजात म्हणाली, "माझ्या आजीच्या वेळी आम्ही तिच्या फणसाखाली शंभर रात्री झाडलंसुद्धा नव्हतं. बरं काका. पण विसरू नका हं."

आणि त्यानंतर काही दिवसांतच नाव हिरवं व्हायला लागलं.

पहिल्यांदा झालं तेव्हा विलिसोनीच्या हातातला कप पडला. लॅपटॉप चिखलाखाली, माणूस मातीखाली, मग हजर कोण? बिसुन म्हणाला, यंत्राची खोड असेल. पण सूवाला त्याने कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी नाव काढायला लावलं असतं. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर तो त्या हिरव्या नावाची वाट पाहू लागला होता. पाळी संपली की ओसरीवर यंगोनाच्या मुळ्यांची पूड पाण्यात कालवून प्यायची त्यांची जुनी रीत. आता बिसुन एक करवंटी जास्तीची भरायचा आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवायचा. घरी जाताना ती आंब्याच्या बुंध्याशी ओतायचा.

दर शनिवारी बाजारात आपोरोसाची बायको मेरेओनी भेटायची. ती सरकारी रुग्णालयात तान्ह्या बाळांच्या विभागात नर्स. काळा झगा घालून भाजी निवडता निवडता ती विचारायची, "काय बिसुन, आला होता का?"

"बुधवारी आला होता, भाभी. आम्ही वादळाची तालीम करत होतो. शेवटपर्यंत बसला."

"तालमीला बरा बसतो. चर्चमध्ये कधी शेवटपर्यंत बसला नाही," ती म्हणायची आणि पुढच्या ढिगाकडे वळायची.

मार्चमध्ये वादळ आलं. हवामानवाल्यांनी त्याला एक गोड नाव दिलं होतं. लंबासात ते कोणी तोंडातून काढत नव्हतं. सकाळपासून आभाळ तांब्याच्या जुन्या भांड्यासारखं झालं होतं. बाजार बंद, खिडक्यांवर फळ्या. नदी पुलाला टेकली होती.

वादळात वीज वाचवायची म्हणजे आधी ती आपल्या हाताने बंद करायची. चालू तार तुटून पाण्यात पडली तर माणसं मारते, आणि एका जागचा दणका साऱ्या जाळ्याला बसतो. म्हणून वारा जिथे पहिला पोचेल तिथली लाइन पहिली बंद. पण बंद करायच्या आधी त्या गावच्या मुखियाला फोन करायचा, हा आपोरोसाने घालून दिलेला दंडक होता. कंपनीच्या नियमात तो नाही. "चहा करून घ्या रे, दिवे चाललेत," असं तो सांगायचा. मग मुखिया घंटा वाजवायचा, बायका चुलीपाशी पाणी भरून ठेवायच्या, छपरावर चढलेली माणसं खाली उतरायची आणि मग फोन यायचा, "हं, घालव."

शेवटपर्यंत चालू ठेवायची ती एकच लाइन, रुग्णालयाची. तिचे खांब बुटके आणि मजबूत होते, निम्मी तर जमिनीखालून गेलेली. त्या संध्याकाळी तर तिच्यावर सगळाच भार होता, कारण नदीचं पाणी रुग्णालयाच्या डिझेल जनित्रात शिरलं होतं. मेरेओनीने फोनवर सांगितलं होतं, "आमचं यंत्र बुडालं. काचेच्या पेटीत चार बाळं आहेत, अपुऱ्या दिवसांची. ऊब गेली की ती गेली. बिसुन, दुसरं काहीही घालव, आमची लाइन घालवू नको."

"खांब आडवे पडेपर्यंत नाही, भाभी."

दोन गावं फोन करून बंद केली होती. तिसऱ्या गावचा, नासोलेचा, फोन विलिसोनी लावत होता. तेवढ्यात नाव हिरवं झालं. 'आपोरोसा – हजर.' आणि बिसुनच्या डोळ्यांसमोर नासोलेची लाइन बंद झाली. त्याने हात लावला नव्हता. विलिसोनीनेही नाही. स्क्रीनच्या खालच्या पट्टीत, ज्याने काम केलं त्याचं नाव उमटतं, तिथे उमटलं: आपोरोसा.

"काका," विलिसोनीचा आवाज फाटला. "काका, मोमो..."

पुढचं गाव वुनिमाको. तेही बंद झालं. त्याच्या पुढचंही. अगदी त्याच क्रमाने, जसा तालमीत ठरवला होता. बाहेर पत्रे कडाडत होते, फळ्यांच्या फटींतून पाणी आत शिंपडत होतं आणि खोलीत ते नाव शांतपणे एकेक गाठ सोडवत होतं. विलिसोनी रडत होता आणि हसत होता. बिसुनला किती दिवसांनी ही खोली पुन्हा भरल्यासारखी वाटत होती.

"वेळेवर आलास, तवाले," तो खुर्चीकडे पाहून म्हणाला, आणि त्याने आपले हात कळफलकावरून मागे घेतले. करू दे त्याला. त्याच्याइतकं नीट कोणाला जमतं?

तेव्हा फोन खणखणला. वुनिमाकोचा मुखिया जोसेवा होता आणि तो ओरडत होता. "अरे काही लाजबीज आहे की नाही? सांगून तरी घालवायचे दिवे! निम्मं गाव चर्चमध्ये, निम्मं रस्त्यावर! माझा पोरगा पत्रे बांधायला छपरावर चढला होता, अंधारात खाली आला तो पाय मोडून!"

बिसुनच्या तोंडून निघून गेलं, "आपोरोसाने फोन नाही केला?"

जोसेवा आता ओरडत नव्हता. "बिसुन, तू शुद्धीवर आहेस ना? तो मेलाय. आणि तो असता तर न सांगता दिवे घालवले असते का? माझ्या मुलीच्या लग्नात तार बदलायची होती तर सात वेळा फोन केला होता त्याने. नवरी वैतागली होती."

फोन कटला की तुटला, कळलं नाही. बिसुन रिसीव्हर हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्या मानेवरून गार पाण्याचा ओघळ जावा तसं काहीतरी गेलं. त्याने खुर्चीकडे पाहिलं. झावळीची पट्टी वाऱ्याने हलत होती.

'मग हा कोण आहे?'

जणू प्रश्न ऐकू गेला, तसं नाव पुन्हा कामाला लागलं. या वेळी गाव नव्हतं. डोंगरातल्या केंद्राची लाइन गेली. खोलीतले दिवे मंद झाले, थरथरले. कारखान्याच्या जनित्राने धापा टाकत भार उचलला. जाळ्याचा एक कोपरा सुटला होता. केंद्रावरचा तिमोथी रेडिओवर शिव्या देत होता, "कोणी तोडलं मला? इथे सगळं ठणठणीत चालू आहे!"

आणि मग रुग्णालयाची लाइन बंद झाली.

बिसुनने ती चालू केली. नावाने बंद केली. बिसुनने चालू केली. बंद. शेजारी बसलेल्या माणसाने आपलं मनगट धरावं तसं त्याला वाटलं. पण ते हात आपोरोसाचे नव्हते, या हातांना कसली घाई नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं.

"हाताने जाऊन चालू करतो," विलिसोनी उठला.

"कसा जाशील? त्या लाइनीचा खटका नदीपलीकडे. आणि तिथवर पोचलास तरी हा इथून पुन्हा बंद करेल."

"मग?"

मग काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. नाव काढायचं. नाव गेलं की त्या नावाने उघडलेलं दार बंद. पाळीचा प्रमुख म्हणून बिसुनला तो अधिकार होता. दोन ठिकाणी बोट ठेवायचं, बस. बिसुनने यादी उघडली. आपोरोसाच्या नावावर बाण नेला. आणि त्याचं बोट तिथेच थिजलं. हे एवढंच तर उरलं होतं त्याचं. डब्याच्या वेळेला हिरवं होणारं. कोणी दुसरा आत शिरला असेल, पण आधी येत होता तो? तोही हाच होता, की तो खरा होता? नाव काढलं तर दोघंही जातील.

"तांबू आहे, काका," विलिसोनी कुजबुजला. "सिरेलींना विचारल्याशिवाय..."

"फोन लाव त्यांना."

लागला नाही. लागला तो रुग्णालयाचा, तिकडून. मेरेओनी होती. मागे बाळ रडत होतं, बारीक, मांजरीच्या पिल्लासारखं.

"बिसुन, काय चाललंय तुझं? दिवा येतो, जातो, येतो, जातो. पेट्या बंद पडल्यात. दोन बाळं मी माझ्या झग्यात घेतलीत, दोन दुसऱ्या नर्सकडे आहेत. अंग ओलं आहे आमचं, ऊब कुठून आणू?"

"भाभी, आपोरोसाच्या नावातून काहीतरी होतंय. ते नाव काढावं लागेल. पण सिरेलींचा तांबू..."

"त्यांना विचार."

"लागत नाहीये फोन."

"मग मला विचार."

बिसुनचा बाण अजून त्या नावावरच होता.

"बिसुन," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज असा झाला जसा ती आजारी पोराशी बोलत असेल. "ऐक माझं. एका बाळाचे पाय गार पडलेत. काढ ते नाव."

"भाभी..."

"काढ म्हणते ना! त्याची बायको मी आहे की तू? सिरेलींना मी बघते. विलिसोनी आहे ना तिथे? त्याला सांग, झावळी सोड म्हणावं. मामी सांगतेय."

विलिसोनी खुर्चीपाशी गेला आणि गुडघ्यावर बसला. वाळलेली गाठ सुटेना. शेवटी त्याने ती दातांनी तोडली.

बिसुनने बोट दाबलं. यंत्राने आपल्या थंड रीतीने विचारलं: 'आपोरोसा कायमचा काढायचा? होय की नाही.'

"माफ कर, तवाले," बिसुन म्हणाला आणि 'होय' दाबलं.

रांगेतून नाव गेलं. खालचं नाव वर सरकलं, मधली जागासुद्धा उरली नाही. बिसुनने रुग्णालयाची लाइन चालू केली आणि बघत राहिला. लाइन चालू राहिली. मग डोंगरातलं केंद्र जोडलं. तेही राहिलं. रिसीव्हरमधून मेरेओनीचा आवाज आला, "आले. दिवे आले. पेट्या लागल्या." मग ती त्याच्याशी नाही, बाळाशी काहीतरी पुटपुटत राहिली आणि फोन ठेवायचं विसरली. बिसुनही तो कानाशी धरून बसून राहिला. खिडकीबाहेर बेटाचं अर्धं छप्पर उडून जात होतं.

वादळ गेलं. चारही बाळं राहिली. खांब इतके पडले होते की तारा पुन्हा ओढता ओढता हंगाम संपला.

सूवाहून तिघं आले. त्यांत ती फोनवाली बाई होती. तिने बिसुनला शेजारी बसवलं आणि न रागावता सगळं दाखवलं. लॅपटॉप चिखलातच होता. पण आत यायला लॅपटॉप लागत नाही, नाव आणि पासवर्ड पुरतात, आणि ते कोणीतरी चोरले होते. समुद्रापलीकडून. कुठून, ते कळलं नव्हतं, कदाचित कधी कळणारही नव्हतं. का, तेही नाही.

"पहिल्या दिवसापासून तोच होता का?" बिसुनने विचारलं.

"तोच, काका. किंवा ते. एक होता की चार, तेही सांगता येत नाही." तिने बोटाने रेघ दाखवली. "हे बघा, कधी कधी आला आणि काय काय पाहिलं. तुमची वादळाची तालीम पूर्ण पाहिली. सगळ्यात जास्त वेळ रुग्णालयाच्या लाइनीवर थांबला होता."

बिसुन ऐकत होता, पण त्याच्या डोळ्यांपुढे खिडकीचा कठडा होता आणि त्यावरची भरलेली करवंटी. घरात शिरलेल्या चोराला त्याने पाट मांडून बसवलं होतं. त्याच्याशी थट्टा केली होती. ज्याला ना पोट ना चेहरा, जो या बेटावर कधी भिजला नाही, त्याला तवाले म्हटलं होतं. आणि तो काही न बोलता बसून कलिंगड कुठे ठेवलंय ते बघत होता.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला.

"मीही होकार दिला होता, काका," ती बाई म्हणाली. "फणसाच्या झाडाची आठवण काढून."

त्या दिवसापासून खोलीत एक नवा दंडक आला. नाव हिरवं झालं की फोन उचलायचा आणि त्या माणसाला बोलतं करायचं. नुसतं 'हो, मीच' चालत नाही. डोंगरातला तिमोथी कावून म्हणायचा, "अरे, किती वेळा विचारशील?"

"शिवी दे एखादी."

मग तिमोथी अशी काही ठेवणीतली शिवी हासडायचा की विलिसोनी टेबल बडवून हसायचा. बिसुन म्हणायचा, "हं, आता हजर." पण फोन उचलण्याआधीचा तो क्षण, नाव हिरवं आणि आवाज अजून नाही, तो त्याला दर वेळी तसाच जायचा. मानेवरून गार ओघळासारखा.

शंभर रात्री पुऱ्या झाल्या तेव्हा गावात काळे कपडे उतरवायचा विधी झाला. बिसुन यंगोनाच्या मुळ्यांची मोठी जुडी घेऊन सिरेलीपुढे बसला, मान खाली घालून. "तांबू मोडला. पदरात घ्या."

सिरेलीने जुडीला हात लावला. "घेतली. तू काही बोलू नको आता. मेरेओनीने मला आधीच इतकं सुनावलंय की माझेच कान धरायचे राहिलेत." बसलेली माणसं हसली.

दुपार कलली तेव्हा मेरेओनी, आता फुलाफुलांच्या झग्यात, ओसरीच्या पायरीवर त्याच्या शेजारी येऊन टेकली. नदीपलीकडे उसाची शेतं आडवी पडली होती, मधून मधून नवे खांब उभे होते.

"नाव काढल्यापासून आला नाही ना?" तिने विचारलं.

बिसुनने हे टाळायचं ठरवलं होतं. पण तिच्याकडे बघून त्याला खोटं बोलवेना. "भाभी, तो कधीच आला नव्हता. दुसरंच कोणीतरी होतं. पहिल्यापासून."

ती नदीकडे बघत राहिली. "मला वाटलंच होतं."

"तुला? कसं?"

"अरे, माझा माणूस. मेल्यावर यायचंच झालं असतं तर आधी माझ्या स्वयंपाकघरात आला असता, माशाचं कालवण शोधत. तुझ्या त्या खोलीत, तुझी सुकी रोटी बघायला कशाला येईल?"

बिसुनला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "मग दर शनिवारी विचारायचीस का?"

"तू सांगताना तुझा चेहरा बरा दिसायचा," ती म्हणाली. "नाहीतर बाजारात भुतासारखा फिरत होतास." ती उठली, झगा झटकला. "चल. तुझी करवंटी थांबलीय."

आत तानोआभोवती, यंगोनाच्या लाकडी परातीभोवती, माणसं बसली होती. सिरेलीने गेलेल्याच्या नावाची करवंटी दाराशी मातीत ओतली. मग बिसुनपुढे भरलेली करवंटी आली. त्याने एकदा टाळी वाजवली, हात पुढे केला आणि थांबला. गढूळ पाण्यात छपराच्या प्रतिबिंबाचा तुकडा हलत होता.

"कोणी दिली?" त्याने विचारलं.

बसलेल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी, काका," समोरून आवाज आला. "विलिसोनी. शिवी देऊ का?"

सगळे हसले, बिसुनही. त्याने करवंटी एका दमात संपवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळ होत होती; उघड्या दारातून दिसत होतं, नदीपलीकडे नासोलेत दिवे लागले, मग वुनिमाकोत. तो सवयीने एकेक गाव बघत राहिला, सगळं लागतंय ना. आणि मग, त्याला नको असताना, वाटून गेलं की या घटकेला कुठेतरी, समुद्रापलीकडे, आणखी कोणीतरी हेच बघत बसलं असेल.

त्याने मेरेओनीकडे पाहिलं. ती बायकांत बसून मोठ्याने हसत होती. तो उठला, दारापासून दूर जाऊन त्यांच्यात बसला आणि पाठ भिंतीला टेकवली.